अजगरासाठी गरम फ्रिज

साप एकटा कधीच येत नाही. त्याच्यासोबत आठ-दहा माणसं येतात आणि प्रत्येक जण जाताना एकेक किस्सा घेऊन जातो. पंधरा दिवसांनी ते किस्से बाजारातून फिरून परत आमच्या घरी येतात तेव्हा ओळखूही येत नाहीत. ज्याने साप लांबून पाहिला त्याच्या किश्श्यात तो आठ फुटांचा असतो. ज्याने पाहिलाच नाही त्याच्या किश्श्यात बारा फुटांचा.

मी फारशी कोणाला काही सांगत नाही. त्यामुळे माझ्याकडचे किस्से खर्च होत नाहीत, नुसते साठतात.

बाभुळगावात साप निघाला की लोक विनोदकाकांना फोन करतात. ते माझ्या बाबांचे धाकटे भाऊ. आम्ही सगळे एकाच घरात राहतो. साप जखमी असला तर तो बरा होईपर्यंत आमच्याकडे राहतो, वनविभागाचं तसं पत्र आहे. काकांचा नियम एकच: मुलांनी पेटीला हात लावायचा, सापाला नाही. मी नववीत आहे आणि माझ्याकडे वही असते. पेटीत किती तापमान आहे, साप कुठे बसला आहे, पाणी प्याला का, हे सगळं मी दिवसातून दोनदा लिहिते.

हे किस्से गेल्या हिवाळ्यातले आहेत. आधीच सांगते, यातल्या बहुतेक किश्श्यांत सानिया आहे. मला ती नको होती. पण तिला काढलं तर किस्सेच उरत नाहीत. मी तसं करून पाहिलं.

*

नोव्हेंबरच्या शेवटी अजगर आला. कालव्याजवळच्या शेतात ट्रॅक्टरमागच्या रोटाव्हेटरचं पातं लागून त्याच्या पाठीवर वीतभर जखम झाली होती. जनावरांच्या डॉक्टर मॅडमनी टाके घातले, हात धुतले आणि काकांना म्हणाल्या, "माझं काम झालं. आता याला ऊब द्यायचं काम तुमचं. याचं अंग स्वतःहून गरम होत नाही. थंडीत राहिला तर खाल्लेलं पचणार नाही आणि जखमही भरणार नाही. पेटीच्या एका बाजूला तीस-एकतीस ठेवा, दुसऱ्या बाजूला थोडं कमी. म्हणजे त्याला हवं तिकडे सरकता येईल."

वनरक्षक राठोडसाहेबही तिथे होते. ते म्हणाले, "बरा झाला की जिथं सापडला त्याच बाजूच्या जंगलात सोडू. पण जीप लहान आहे. ड्रायव्हर, मी, तुम्ही अन् मागं याची पेटी. एकच जागा उरते."

काका म्हणाले, "जो याची पेटी सांभाळीन, तो येईन."

पाचवीपासून मी वही लिहिते आहे, पण साप सोडताना मी एकदाही पाहिलेला नाही. कधी शाळा असते. आणि नसते तेव्हा, "मी येऊ का?" हे वाक्य माझ्या डोक्यात तयार होईपर्यंत काकांची मोटारसायकल चौकात पोचलेली असते.

ती जीपमधली जागा माझी होती. मी ते त्याच दिवशी लिहूनही ठेवलं असतं, पण वही घरातले सगळे वाचतात.

*

ऊब द्यायची म्हणजे बल्ब पाहिजे, म्हणून काका बाजारात गेले. मी पिशवी धरायला सोबत होते.

पहिल्या दुकानदाराने एक पांढरा बल्ब काढून दाखवला. "हा घ्या भाऊ. दिवसभर जाळा, वर हात ठेवून पाहा, तापतच नाही."

"मले तापणाराच पाह्यजे."

"तापणारा आता कोण ठेवते? लोकं तक्रार करतात."

दुसऱ्या आणि तिसऱ्या दुकानातही हेच झालं. बाभुळगावच्या बाजारात उजेड हवा तेवढा होता, पण तापणारा जुना पिवळा बल्ब कोणाकडे नव्हता. चौथा दुकानदार मात्र समजूतदार निघाला. "तापणारा पाह्यजे म्हणता, म्हंजे कोंबडीची पिल्लं आहे का तुमच्याकडं?"

"नाही," काका म्हणाले. "अजगर आहे."

दुकानदार म्हणाला, माझी जेवायला जायची वेळ झाली. अकरा वाजले होते.

शेवटी बसस्टँडजवळच्या युनूसचाचांकडे पिवळ्या बल्बांचं एक खोकं निघालं. चाचा फ्रिज दुरुस्त करतात. खोक्यासोबत त्यांची मुलगीही आली. सानिया माझ्याच वर्गात आहे, एक बाक पुढे. तोवर आम्ही दोघी मिळून दहा वाक्यं बोललो असू. त्यातली आठ तिची.

तिने आमच्या घरी येऊन अर्ध्या तासात पेटीत होल्डर बसवला. मग म्हणाली, "काका, बल्बले जाळी लावा. नाही तं थंडी वाजली का तो बल्बलेच वेटोळं घालीन अन् भाजीन."

"हे तं माह्या डोक्यातच नाही आलं," काका म्हणाले.

माझ्या डोक्यात आलं होतं. मी वाक्य तयार करत होते.

*

पहिली पेटी प्लायवूडची होती. पातळ भिंतीतून ऊब निघून जायची. काकांनी पेटीच्या चारही बाजूंना सरकीची पोती रचली. सरकी म्हणजे कापसातलं बी. म्हशीसाठी ती आमच्या घरी असतेच. पेटी खरंच गरम राहू लागली. दोन दिवस काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "थर्माकोल कायले पाह्यजे? आपली सरकी आहे ना."

चौथ्या दिवशी तापमान चौतीस झालं. काकांनी बल्ब बंद केला. तासाभराने पस्तीस.

"बंद करूनही गरम करून राह्यला हा बल्ब," काका म्हणाले आणि त्यांनी तो होल्डरमधून काढून टेबलावर ठेवला. थोड्या वेळाने छत्तीस. अजगर लांबच्या कोपऱ्यात पाण्याच्या घमेल्याला चिकटून बसला होता. काका बल्बकडे रागाने बघत होते.

सानिया तिची पक्कड न्यायला आली होती. तिने उभ्या उभ्या एका पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पटकन काढला. "काका, बल्ब नाही. पोतं तापलं."

काकू रोज फरशी धुते. पाणी खालच्या पोत्यात मुरलं होतं. ओली सरकी ढिगात राहिली की आपोआप तापते, हे कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या अंगणात खेळणाऱ्या पोरांनाही माहीत असतं. आमच्या घरात तीन पिढ्या कापूस पिकतो. आजोबा दरवर्षी सांगायचे, ओल्या सरकीच्या ढिगात हात घालू नका. आणि पोत्यात हात घालायची बुद्धी झाली ती फ्रिजवाल्यांच्या मुलीला.

"पोट्टी हुशार आहे," काका म्हणाले.

ती आंबलेली सरकी म्हशीनेही तोंडात घेतली नाही. मी त्या वेळी काय करत होते? मी वहीत छत्तीस हा आकडा फार सुंदर अक्षरात लिहिला होता.

*

मग युनूसचाचांनी एक मेलेला फ्रिज आणून दिला. आतले खण आणि मागचं यंत्र काढलेलं होतं. तो पडवीत आडवा ठेवला, म्हणजे दार वर आलं आणि झाकणासारखं उघडायला लागलं. एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर भोकं पाडून त्यांना जाळी लावली, हवा खेळावी म्हणून. अंडी उबवायच्या यंत्रातला जुना थर्मोस्टॅट बसवला. आत एकतीस झालं की बल्ब आपोआप बंद, कमी झालं की चालू.

"फ्रिजची भिंत थंडी बाहेर जाऊ देत नाही," सानियाने काकांना समजावलं. "तशी गरमीबी नाही जाऊ देत. तिले काय, आत दही आहे का अजगर आहे, तिले थोडंच समजते."

काका इतके हसले, की मी ते वाक्य त्याच दिवशी आईला माझं म्हणून सांगितलं. आई हसली नाही. ते बहुतेक सानियासारखंच सांगावं लागतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शोभाकाकू वाटी घेऊन आल्या. त्यांनी पडवीत फ्रिज पाहिला.

"नवा घेतला वाटते?"

"नाही वो, जुनाच आहे," काकू म्हणाली.

"थंड करते ना चांगला?"

"थंड नाही करत. गरम करते."

शोभाकाकू थोडा वेळ फ्रिजकडे बघत राहिल्या. "मंग दुरुस्तीले काहून नाही देत?"

"दुरुस्तीवाल्यानंच दिला," काकू म्हणाली.

*

राठोडसाहेब डिसेंबरात एकदा भर दुपारी तपासणीला आले. काका आत जेवत होते. साहेबांनी टोपी काढली, घाम पुसला आणि हाक मारली, "वैनी, थंड पाणी आहे का जी?"

काकू पोळ्या करत होती. तिने आतूनच सांगितलं, "घ्या ना साहेब, फ्रिजमंदी आहे."

पडवीत मी होते. साहेबांनी पुढे होऊन झाकण उचललं. थांबा म्हणायला मी तोंड उघडलं होतं, एवढं नक्की.

त्यांनी आत पाहिलं. आतल्यानेही वर पाहिलं. मग साहेबांनी ते झाकण इतक्या हळू बंद केलं, की त्याचा आवाजही आला नाही, आणि ते खुर्चीवर जाऊन बसले.

काकू पिठाच्या हातांनी बाहेर आली. "घेतलं का पाणी?"

"राहू द्या वैनी. तहान गेली."

तपासणीच्या कागदावर त्यांनी लिहिलं: प्राणी सावध आहे.

त्यानंतर झाकणाला कुलूप आलं, आणि कुलपाची चावी काकांनी सानियाला दिली. "फ्रिज तिच्या बापाचा, वायरिंग तिची," ते म्हणाले, जणू यात काही विचार करण्यासारखं नव्हतंच. तापमानाचा आकडा बाहेर दिसायचा, पण अजगर कुठे बसला आहे ते बघायला झाकण उघडावं लागे. म्हणून मी सकाळ-संध्याकाळ दोन गल्ल्या ओलांडून तिच्याकडे चावी मागायला जायची. दिवसाला दोन वाक्यं. इतकं तर मी माझ्या मावसबहिणीशीही बोलत नाही.

*

हा पुढचा किस्सा मी वगळणार होते.

थर्मोस्टॅटला एक लांब वायर असते, तिच्या टोकाला तापमान कळतं. सानियाने ते टोक वर, झाकणाजवळ बांधलं होतं. गरम हवा वर जाते. त्यामुळे वर एकतीस झालं की बल्ब बंद व्हायचा आणि खाली, जिथे अजगर होता तिथे, गारच राहायचं.

मी वहीत लिहीत होते. "आकडा एकतीस. अजगर बल्बखाली." दुसऱ्या दिवशी, "आकडा एकतीस. अजगर बल्बखाली." ऊब पुरेशी असली तर साप कधीतरी दुसऱ्या बाजूला सरकतो. हा हलतच नव्हता. तिसऱ्या दिवशी काका शेजारी उभे असताना मी झाकण उघडलं आणि लांबच्या कोपऱ्यातल्या तळाला बोटं लावली. माठासारखा गार. मला सगळं कळलं.

मी बोलले नाही. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी मी नेहमीसारखी लाजत होते. पाचव्या दिवसापासून मी लाजत नव्हते. मी वाट बघत होते. कोणीतरी दुसऱ्याने येऊन म्हणावं, की हे वर कोणी बांधलं?

आठव्या दिवशी डॉक्टर मॅडम आल्या. झाकण उघडायला चावी घेऊन सानियाही आली होती. जखमेच्या कडा अजून जुळल्या नव्हत्या. त्यांनी फ्रिज पाहिला, आकडा पाहिला, मग वही मागितली. उभ्यानेच चार पानं वाचली.

"हे कोणी लिहिलं?"

"आमच्या ऋतुजानं," काका म्हणाले. त्यांचा आवाज किती कौतुकाचा होता ते मला अजून ऐकू येतं.

मॅडमनी मला विचारलं, "आठ दिवस तू बल्बखाली, बल्बखाली लिहिते आहेस. त्याचा अर्थ तुला कळला नाही?"

"कळला."

"मग?"

सगळे माझ्याकडे बघत होते. एकटी सानिया बघत नव्हती. ती फ्रिजमध्ये वाकून वायरचं टोक सोडत होती.

मॅडमनी वही मिटून माझ्या हातात दिली. "वही उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "पण अजगराला वाचता येत नाही."

संध्याकाळी सानियाने ते टोक खाली, तळापासून चार बोटांवर बांधलं आणि मला विचारलं, "इथं बरोबर आहे का?"

ते अगदी बरोबर होतं. मी म्हणाले, "अजून दोन बोटं डावीकडं."

तिने दोन बोटं डावीकडे केलं.

*

हा छोटा आहे.

विज्ञानाच्या मॅडमनी आम्हाला वर्गासमोर उभं करून अजगराबद्दल सांगायला लावलं. अर्थात सानिया बोलली. मी शेजारी वही धरून उभी होते. ती म्हणाली, आम्ही पेटी तयार केली. आम्ही तापमान बघतो. आम्हाला आधी एक चूक सापडली नाही, मग सापडली.

मी मोजलं. तिने एकदाही "मी" म्हटलं नाही. तिने "मी" म्हटलं असतं तर मला घरी जाऊन नीट रागावता आलं असतं. तिने तेवढीही सोय ठेवली नाही.

*

जानेवारीत एक दिवस आभाळ भरून आलं, सकाळीच वारा सुटला आणि लाइट गेली. कुठेतरी तारांवर झाड पडलं होतं. काका दूरच्या एका गावी साप पकडायला गेले होते. सानिया मावसबहिणीच्या लग्नाला यवतमाळला गेली होती, आणि जाताना चावी माझ्याकडे देऊन गेली होती.

लाइट गेली तेव्हा मला आनंद झाला. हे वहीत लिहिलेलं नाही.

मी घरातल्या सगळ्या रिकाम्या बाटल्या गोळा केल्या. चुलीवर पाणी तापवलं, बाटल्या भरल्या, जुन्या कापडात गुंडाळल्या. काकूने अजगराला काठीने हळूच बाजूला सारलं आणि मी त्या एका बाजूला ओळीने ठेवल्या. झाकणावर दोन गोधड्या टाकल्या. तासाभराने थंड झालेल्या बाटल्या काढायच्या आणि पुन्हा भरायच्या.

"मले अंघोळीले पाणी नाही भेटत अन् याचे लाड पाहा," काकू म्हणत होती, पण चुलीतलं लाकूडही तीच पुढे सरकवत होती.

आकड्याचं यंत्र सेलवर चालत होतं; आकडा एकोणतीसच्या खाली गेला नाही. दहा वाजता एकोणतीस, बारा वाजता एकोणतीस, तीन वाजताही. माझ्या दोन बोटांना भाजलं होतं. मी इतकी खुश होते की मला भूक लागली नाही.

चार वाजता स्कूटर आली. पुढे युनूसचाचा, त्यांच्या पायांशी इन्व्हर्टर आणि बॅटरी, मागे चमचमणाऱ्या कपड्यांत सानिया. तिच्या हातांवर मेंदी होती. "लाइट गेली समजलं, म्हून जेवता जेवता उठलो," चाचा म्हणाले. "बेटा, जरा वो तार पकड." पाच मिनिटांत बल्ब लागला.

तेवढ्यात काका आले. त्यांनी बॅटरी पाहिली, बल्ब पाहिला, आकडा पाहिला. "एकोणतीस. वा चाचा, तुम्ही नसते तं आज काही खरं नव्हतं."

"अहो, पण सकाळपासून ही पोरगी..." काकूने सुरुवात केली आणि काकांचा फोन वाजला. पुन्हा कुठेतरी साप निघाला होता.

बॅटरी लावली तेव्हा पेटी एकोणतीसवर होती. बॅटरी लावल्यावर अर्धा तास ती एकोणतीसवरच होती. पण आजही बाभुळगावात कोणालाही विचारा, अजगर कोणामुळे वाचला? बॅटरीमुळे.

सानियाने बाटल्या बाहेर काढल्या. अकरा होत्या. मग तिने माझ्या हाताकडे पाहिलं. "तुह्या बोटाले भाजलं."

मी हात मागे घेतला.

*

फेब्रुवारीच्या शेवटी अजगराने कात टाकली. जखमेच्या जागी आता नुसती एक फिकी रेघ होती. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, सोडायला हरकत नाही.

जीपमध्ये जागा एकच होती आणि काका कोणाचंच नाव घेत नव्हते. मी तीन दिवस त्यांच्या समोरून वही घेऊन ये-जा केली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते म्हणाले, "उद्या सकाळी सात वाजता जीप येईन. सानियाले सांगून ये. दोघी या, मंग पाहू."

मी गेले. ती दुकानाच्या पायरीवर बसून एका वायरचं वेष्टण सोलत होती.

"उद्या अजगर सोडणार आहे," मी म्हणाले.

"किती वाजता?"

"नऊ."

"नऊ?"

"हाव. नऊ वाजता जीप येईन. काकांनी सांगतलं."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा वायर सोलायला लागली.

सकाळी मी सहालाच तयार झाले. साडेसहाला अंगण झाडायला दार उघडलं, तर फाटकाशी सानिया उभी. स्वेटर, कानाला रुमाल, हात काखेत.

मी झाडू धरून तशीच उभी राहिले. काका मागून आले. "अरे वा, दोघी टायमावर."

सात वाजता जीप आली. अजगराला गोणपाटाच्या पिशवीत घालून पेटीत ठेवलं, पेटी मागे चढवली. राठोडसाहेब पुढे बसले. काका एकदा माझ्याकडे बघत होते, एकदा तिच्याकडे. त्यांना ठरवता येत नव्हतं, आणि मी या वेळी वाक्य तयार ठेवलं होतं. काल रात्रीच तयार केलं होतं. मी तोंड उघडलं.

"सरका बरं," मागून काकूचा आवाज आला.

काकूने लग्नकार्यातली हिरवी साडी नेसली होती, वर शाल. ती आमच्या दोघींच्या मधून गेली, जीपच्या पायरीवर पाय ठेवला आणि त्या एकमेव जागेवर जाऊन बसली.

"अवो, तू कुठी?" काका म्हणाले.

"तीन महिने माह्या पडवीत झोपला हा. मी पाहतो ना कुठी राहाले जाते ते."

"पण या पोट्ट्यांपैकी एकीले..."

"त्याह्यची शाळा आहे." काकूने पेटीवर हात ठेवला. "चला साहेब, ऊन चढून राह्यलं."

साहेबांनी ड्रायव्हरला खूण केली. काका धावत जाऊन कसेबसे मागे चढले.

जीप वळणापर्यंत दिसली, मग नुसती धूळ दिसली, मग तीही बसली. आम्ही दोघी फाटकाशी उभ्या होतो.

शेवटी मीच विचारलं. "तुले सात कोणी सांगतलं?"

"कोणीच नाही."

"मंग?"

तिने स्वेटरची चेन गळ्यापर्यंत ओढली. "पाचवीपासून एका वर्गात आहो. काल तू पहिल्यांदा माह्या डोळ्यात पाहून बोलली. म्हून मी साडेसहालेच आली."

मी पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागले.

"हां, अशीच राह्य," सानिया म्हणाली. "आता खरं सांग, घरात चहा आहे का?"